उपाध्यक्षपदाच्या उमेदवारामुळे अमेरिकेतील निवडणुकीचे पारडे खरोखर फिरते का?

मुक्तछंद यांचा प्रश्न

नमस्कार. अमेरिकेत २०२४ साली झालेल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीविषयी वाचताना एक विधान वारंवार समोर येते, आणि ते इतक्या ठामपणे केलेले असते की त्याची एकदा नीट शहानिशा व्हावी असे मला वाटते. विधान असे, की कमला हॅरिस यांनी मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ यांच्याऐवजी पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जॉश शापिरो यांना उपाध्यक्षपदाची उमेदवारी दिली असती, तर निकाल वेगळा लागला असता. हे म्हणणारे लोक १९६० सालचा दाखला हमखास देतात: जॉन केनेडी यांनी लिंडन जॉन्सन यांना बरोबर घेतले, टेक्सास हाती आले आणि निवडणूक जिंकली.

अमेरिकी मतदाराला राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि उपाध्यक्ष दुसऱ्या पक्षाचा असे मत देता येत नाही; मत द्यायचे ते जोडीला. त्यामुळे दुसऱ्या नावाचा स्वतंत्र प्रभाव मोजणे अवघड असणार, हे मी समजू शकतो. तरीही प्रत्येक निवडणुकीच्या उन्हाळ्यात कित्येक आठवडे वृत्तपत्रांचे रकाने याच एका निवडीने भरलेले असतात, त्याअर्थी तिच्यात काहीतरी तथ्य असले पाहिजे.

म्हणून जाणकारांना विचारावेसे वाटते, की उपाध्यक्षपदाचा उमेदवार आपले राज्य खरोखर जिंकून देतो का? देत नसेल, तर मग ही निवड कोणत्या कसोटीवर केली जाते, आणि ती प्रत्यक्षात कोण, किती वेळात, कशा रीतीने करते? उत्तर लांबले तरी हरकत नाही.

दुर्बीण यांचे उत्तर

शापिरो यांच्याविषयीच्या विधानापासूनच सुरुवात करू, कारण ते साध्या बेरजेवर तपासता येते. २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना ३१२ आणि हॅरिस यांना २२६ इलेक्टोरल मते, म्हणजे राज्याराज्यांना वाटून दिलेली आणि बहुधा राज्य जिंकणाऱ्याला एकगठ्ठा मिळणारी मते, मिळाली. विजयासाठी २७० लागतात. पेनसिल्व्हेनियाची मते आहेत १९. शापिरो यांनी आपले राज्य जिंकून दिले असते असे क्षणभर गृहीत धरले, तरी हॅरिस यांची बेरीज २४५ वर थांबते. मिशिगनची १५ आणि विस्कॉन्सिनची १० मतेही त्यांच्याकडे वळली असती, तरच आकडा बरोबर २७० वर पोहोचला असता. कुंपणावरची, म्हणजे कोणाकडेही झुकू शकतील अशी, सातही राज्ये ट्रम्प यांच्याकडे गेली होती. दुसऱ्या एका राज्याचा गव्हर्नर उपाध्यक्षपदासाठी उभा आहे म्हणून मिशिगन आणि विस्कॉन्सिनचे मतदार आपले मत बदलतील, असे मानायला कोणताही आधार मला दिसत नाही.

आता १९६०. त्या वर्षी टेक्सासची २४ मते केनेडी यांना मिळाली आणि तिथला फरक सुमारे ४६ हजार मतांचा होता. जॉन्सन नसते तर टेक्सास गेले असते, हे मला पटते. परंतु केनेडी यांना एकूण ३०३ मते मिळाली होती आणि त्या वेळी बहुमताला २६९ मते पुरेशी होती. टेक्सास वजा केले तरी २७९ उरतात, म्हणजे विजय कायम राहतो. जॉन्सन यांचे श्रेय एका राज्यापुरते मानले, तर तो दाखला स्वतःच्याच आकड्यांवर टिकत नाही.

जॉन्सन यांचे खरे काम टेक्सासच्या बाहेरचे होते. केनेडी कॅथलिक होते, आणि दक्षिणेतील प्रॉटेस्टंट मतदारांत त्यांच्याविषयी उघड अविश्वास होता. जॉन्सन यांनी ऑक्टोबर महिन्यात खास रेल्वेगाडीने दक्षिणेचा दौरा केला, आणि जिथे जिथे गाडी थांबली तिथल्या डेमोक्रॅटिक पुढाऱ्यांना डब्यात बोलावून घेऊन, पक्षाशी फारकत घेणे त्यांना परवडणारे नाही हे त्यांच्या गळी उतरवले. मतदानाला चार दिवस उरले असताना डॅलसमधील अडॉल्फस हॉटेलात विरोधकांच्या जमावाने जॉन्सन पती-पत्नीला घेरले, त्यांना धक्काबुक्की सोसावी लागली, आणि ते दृश्य पाहून त्या भागातील अनेक सौम्य वृत्तीच्या मतदारांना आपल्याच बाजूच्या लोकांची लाज वाटली असे अनेक इतिहासकार मानतात. नॉर्थ आणि साउथ कॅरोलायना ही दोन्ही राज्ये केनेडी यांनी थोडक्या फरकाने राखली. हे सर्व जॉन्सन यांचे अंगभूत कौशल्य होते. ते सिनेटमधील बहुमतवाल्या पक्षाचे नेते होते आणि दक्षिणेतला एकेक पुढारी त्यांना नावानिशी ठाऊक होता. केवळ टेक्सासचा रहिवासी असल्याने हे साधले नसते.

गृहराज्याचा सिद्धांत किती कच्चा आहे हे पाहायचे असेल, तर १९८८ चे टेक्सास पाहावे. डेमोक्रॅटिक उमेदवार, मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर मायकल डुकाकिस यांनी केनेडी-जॉन्सन जोडीची आठवण व्हावी म्हणून मॅसॅच्युसेट्स आणि टेक्सास अशीच जोडी जमवली आणि सिनेटर लॉइड बेंटसेन यांना घेतले. टेक्सासमध्ये जॉन्सन यांच्यासाठी केलेल्या कायद्यामुळे उमेदवाराला एकाच वेळी उपाध्यक्षपद आणि सिनेट अशा दोन्ही जागा लढवता येतात, त्यामुळे बेंटसेन यांचे नाव त्याच दिवशी, त्याच राज्यात, दोनदा मतदारांसमोर आले. मतदारांनी त्यांना सिनेटवर मोठ्या मताधिक्याने निवडून दिले आणि राष्ट्राध्यक्षपदाचा कौल मात्र रिपब्लिकन उमेदवार थोरले जॉर्ज बुश यांना मोठ्या फरकाने दिला. म्हणजे हजारो माणसांनी, बेंटसेन आवडत असूनही आणि त्यांच्या नावावर मत देत असूनही, डुकाकिस यांना नाकारले. याहून स्वच्छ प्रयोग राज्यशास्त्राला क्वचितच मिळत असेल.

इतर उदाहरणे भरभर सांगतो. २००४ मध्ये जॉन केरी यांनी नॉर्थ कॅरोलायनाचे जॉन एडवर्ड्स यांना घेतले, आणि ते राज्य पक्षाने चार वर्षांपूर्वी जेवढ्या फरकाने गमावले होते जवळपास तेवढ्याच फरकाने पुन्हा गमावले. २०१२ मध्ये मिट रॉम्नी यांनी पॉल रायन यांच्या नावाची घोषणा ‘विस्कॉन्सिन’ नावाच्याच जुन्या युद्धनौकेसमोर उभे राहून केली. विस्कॉन्सिन राज्य बराक ओबामा यांच्याकडेच राहिले. त्यामुळे माझे मत स्पष्ट आहे. गृहराज्याचा लाभ असलाच तर तो इतका अल्प असतो की, एखादे राज्य केसाच्या अंतरावर असल्याखेरीज, त्याच्यावर निवड बेतू नये.

पूर्वरंग यांचे उत्तर

दुर्बीण यांचे विवेचन मला मान्य आहे. मी मुक्तछंद यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे निवड कोण आणि कशी करते याकडे वळतो, कारण माझ्या मते या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग तोच आहे.

ही निवड उमेदवाराने स्वतः करावी, ही पद्धत तशी अलीकडची आहे. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात ती पक्षाच्या अधिवेशनातील प्रतिनिधी आणि बडे पुढारी करीत, आणि बहुधा पराभूत गटाची समजूत काढण्यासाठी करीत. १९४० साली फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हेन्री वॉलेस यांच्या नावासाठी हट्ट धरला आणि वॉलेस नसतील तर आपण उमेदवारीच स्वीकारणार नाही अशी तयारी केली, तिथून सत्ता उमेदवाराच्या हाती येऊ लागली. तरीही १९५६ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांनी ही निवड अधिवेशनावर सोपवली होती आणि त्या चुरशीत एस्टेस केफॉव्हर यांनी तरुण केनेडींना हरवले होते.

सत्ता हाती आली, पण ती वापरण्याची शिस्त आली नव्हती, आणि त्याची किंमत १९७२ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी मोजली. मायामी बीच येथील अधिवेशनात अखेरच्या दिवसापर्यंत त्यांचा वेळ उमेदवारी पक्की करण्यात गेला. शिवाय जॉन केनेडी यांचे धाकटे भाऊ एडवर्ड केनेडी शेवटी होकार देतील अशी त्यांना आशा होती. ती फोल ठरली. उमेदवारी मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सल्लागार एका खोलीत जमले, आणि दुपारच्या मुदतीआत नाव द्यायचे होते. कोणी नकार दिला, कोणाच्या नावाला विरोध झाला, आणि अखेर मिसुरीचे सिनेटर टॉमस ईगलटन यांना फोन गेला. तुमच्या आयुष्यात अडचणीचे काही आहे का, असे त्यांना विचारण्यात आले. त्यांनी नाही म्हणून सांगितले, आणि तेवढ्यावर चौकशी संपली. त्या रात्री उपाध्यक्षपदासाठीचे मतदान इतके लांबले, आणि प्रतिनिधींनी इतक्या भलभलत्या नावांना मते दिली, की मॅकगव्हर्न यांचे स्वीकृतीचे भाषण पहाटे तीनच्या सुमारास झाले; देशातील बहुतेक प्रेक्षक तेव्हा झोपले होते.

पुढे काही दिवसांतच उघड झाले, की ईगलटन यांना नैराश्यासाठी तीन वेळा रुग्णालयात राहावे लागले होते आणि त्यांच्यावर विजेच्या झटक्यांचे उपचार झाले होते. मॅकगव्हर्न यांनी प्रथम आपण ईगलटन यांच्या पाठीशी हजार टक्के उभे आहोत असे जाहीर केले आणि मग जुलैअखेर त्यांना माघार घ्यायला लावली. ईगलटन यांचा आजार हे माघारीचे कारण होणे मला आजही अन्यायाचे वाटते. ते त्यानंतर कितीतरी वर्षे उत्तम सिनेटर म्हणून काम करीत राहिले. मतदारांनी मात्र या प्रकरणात ईगलटन यांच्यापेक्षा मॅकगव्हर्न यांना अधिक पारखले. जो माणूस आपला पहिला मोठा निर्णय घाईत घेतो, त्याची ग्वाही देतो आणि आठवड्याभरात ती मागे घेतो, तो संकटकाळी कसा वागेल, हा प्रश्न पडला तो कायमचा. सार्जंट श्रायव्हर यांना नंतर उमेदवारी मिळाली, परंतु त्या जोडीला मॅसॅच्युसेट्स आणि राजधानीचा जिल्हा एवढेच जिंकता आले.

चार वर्षांनी जिमी कार्टर यांनी यावरून धडा घेतला. त्यांची उमेदवारी जूनमध्येच निश्चित झाल्यासारखी होती, त्यामुळे त्यांना महिनाभर अवधी मिळाला. त्यांनी संभाव्य व्यक्तींची आर्थिक आणि वैद्यकीय माहिती मागवली आणि काही जणांना जॉर्जियातील प्लेन्स या आपल्या लहानशा गावी बोलावून प्रत्यक्ष चर्चा केली. वॉल्टर मॉन्डेल यांची निवड त्यातून झाली. आज जी पद्धत रूढ आहे ती थोड्याफार फरकाने हीच: एका ज्येष्ठ, विश्वासू कायदेतज्ज्ञाच्या हाताखाली वकिलांचा गट नेमला जातो, तो प्रथम सार्वजनिक नोंदी वाचतो, मग निवडक लोकांना लांबलचक प्रश्नावली पाठवली जाते, अनेक वर्षांची प्राप्तिकर विवरणे, कर्जे, खटले, जुनी भाषणे, जोडीदाराचे व्यवसाय, सगळे तपासले जाते, आणि अखेरीस उमेदवाराशी एकांतात भेट होते. जोडीदाराचे व्यवसाय हा भाग १९८४ नंतर विशेष काटेकोर झाला, कारण जेराल्डिन फेरारो, म्हणजे एखाद्या प्रमुख पक्षाने उपाध्यक्षपदासाठी उभ्या केलेल्या पहिल्या महिला, यांच्या प्रचाराचे कित्येक मोलाचे दिवस पतीच्या आर्थिक व्यवहारांची उत्तरे देण्यात गेले.

या पद्धतीला फाटा दिला की काय होते हे २००८ ने पुन्हा दाखवले. रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांचा ओढा एकेकाळचे डेमोक्रॅट असलेले सिनेटर जो लीबरमन यांच्याकडे होता, परंतु पक्ष फुटेल असे सल्लागारांनी बजावल्यावर अगदी शेवटच्या दिवसांत सेरा पेलिन यांचे नाव पुढे आले. त्यांना अलास्काच्या गव्हर्नर होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. घोषणेनंतर पक्षात उत्साहाची लाट आली हे खरे, पण दूरचित्रवाणीवरील मुलाखतींत साध्या प्रश्नांवर त्या अडखळल्या, आणि अनुभव हाच ज्यांचा मुख्य मुद्दा होता त्या मॅकेन यांचा तो मुद्दाच बोथट झाला. हॅरिस यांच्याकडेही जो बायडेन यांनी उमेदवारीतून घेतलेल्या माघारीपासून, म्हणजे २१ जुलैपासून, ६ ऑगस्टच्या घोषणेपर्यंत जेमतेम पंधरवडा होता. एरिक होल्डर यांच्यासारखा माजी महाधिवक्ता छाननीला असूनही वॉल्झ यांची लष्करी सेवेविषयीची काही जुनी विधाने प्रचारात त्रासदायक ठरली, यात मला वेळेच्या टंचाईचाच मोठा वाटा दिसतो.

मुक्तछंद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बेंटसेन यांचे उदाहरण मला अजिबात ठाऊक नव्हते. एक उपप्रश्न आहे. राष्ट्राध्यक्ष आणि उपाध्यक्ष एकाच राज्याचे असू नयेत असा नियम आहे, असे कुठेसे वाचले होते. २०२४ मध्ये, ट्रम्प यांच्याप्रमाणेच फ्लोरिडाचे असलेले मार्को रुबिओ यांचे नाव मागे पडण्याचे तेही एक कारण सांगितले गेले. हा नियम नेमका कसा आहे?

तटस्थ वाचक यांचे उत्तर

नियम उमेदवारांवर नसून इलेक्टरांवर, म्हणजे राज्याची इलेक्टोरल मते प्रत्यक्ष देणाऱ्या प्रतिनिधींवर, आहे. राज्यघटनेनुसार प्रत्येक राज्यातील इलेक्टर राष्ट्राध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांच्यासाठी ज्या दोन व्यक्तींना मते देतात, त्यांपैकी निदान एक त्यांच्या स्वतःच्या राज्याबाहेरची असली पाहिजे. म्हणजे दोघेही फ्लोरिडाचे असले तर त्यांना उभे राहण्यास बंदी नाही; मात्र फ्लोरिडाचे ३० इलेक्टर दोघांनाही मत देऊ शकणार नाहीत. अटीतटीच्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष निवडून येईल आणि उपाध्यक्ष बहुमताला मुकेल, आणि मग उपाध्यक्षाची निवड सिनेटकडे जाईल, असा हा पेच आहे.

तो केवळ कागदावरचा नाही. २००० साली धाकटे जॉर्ज बुश टेक्सासचे गव्हर्नर होते आणि डिक चेनी हेही कंपनीच्या कामानिमित्त डॅलसला राहत होते. विशेष म्हणजे, उपाध्यक्षपदासाठी योग्य व्यक्ती शोधण्याचे काम बुश यांनी चेनी यांच्यावरच सोपवले होते, आणि शोध त्यांच्यापाशीच येऊन थांबला. चेनी यांनी घोषणेच्या काही दिवस आधी आपली मतदार नोंदणी पुन्हा वायोमिंगला नेली. यावर न्यायालयात आव्हान दिले गेले. ते टिकले नाही. बुश यांना त्या वेळी २७१ मते मिळाली. टेक्सासची ३२ मते चेनी यांना नाकारली गेली असती, तर ते २३९ वर अडकले असते.

याच निवडीतून दुर्बीण यांच्या मुद्द्याला दुजोरा मिळतो. वायोमिंगची इलेक्टोरल मते फक्त तीन, आणि तिथे रिपब्लिकन पक्ष हरण्याची शक्यताच नव्हती. ओबामा यांनी निवडलेल्या बायडेन यांच्या डेलावेअरचीही तीनच. राज्याचा हिशेब मनात असता तर या दोघांचा विचारही झाला नसता.

अनाहत यांचे उत्तर

आतापर्यंतची चर्चा मते आणि छाननी यांच्याभोवती फिरली आहे. दोन्ही मुद्दे खरे असले तरी मला ते दुय्यम वाटतात, आणि पूर्वरंग यांच्या एका गृहीतकाशी माझा थोडा मतभेद आहे. छाननी चोख झाली म्हणजे निवड चांगली झाली, असे होत नाही. छाननी फक्त दोष शोधते. माणूस त्या पदावर काय करील, हे तिला कळत नाही.

आजवर नऊ उपाध्यक्ष मध्येच राष्ट्राध्यक्ष झाले: आठ जण आधीच्या अध्यक्षाच्या मृत्यूमुळे आणि एक, जेराल्ड फोर्ड, निक्सन यांच्या राजीनाम्यामुळे. या नऊंपैकी बहुतेकांची निवड करताना ते अध्यक्ष होतील असा विचार कोणी गांभीर्याने केला नव्हता. १८६४ मध्ये एब्राहम लिंकन यांच्या बरोबरीने उभे करण्यासाठी विद्यमान उपाध्यक्ष हॅनिबल हॅमलिन यांना बाजूला सारून टेनेसीच्या अँड्र्यू जॉन्सन यांना आणले गेले, कारण दक्षिणेचा असूनही संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेला डेमोक्रॅट जोडीत असणे युद्धकाळात सोयीचे होते. प्रचारापुरती ती निवड अचूक होती. उपाध्यक्ष होऊन सहा आठवडे झाले नाहीत तोच लिंकन यांची हत्या झाली, आणि मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांना प्रत्येक पावलावर विरोध करणारा माणूस, देशाच्या इतिहासातील सर्वांत नाजूक काळात, अध्यक्षपदी बसला. १८६८ मध्ये महाभियोगातून तो एका मताने वाचला. त्या एका सोयीच्या निवडीची झळ पुढच्या कितीतरी पिढ्यांनी सोसली. हा प्रसंग वाचताना आजही मन विषण्ण होते.

१९४४ ची निवड याच्या अगदी उलट कारणासाठी पाहण्यासारखी आहे. रूझवेल्ट यांची प्रकृती किती खालावली आहे हे पक्षाच्या पुढाऱ्यांना दिसत होते, आणि वॉलेस यांच्या हाती अध्यक्षपद जाऊ नये म्हणूनच त्यांनी हॅरी ट्रुमन यांचा आग्रह धरला. म्हणजे इथे उत्तराधिकाराचा विचार झाला होता. तरीही निवडणूक जिंकल्यानंतर ट्रुमन यांना कारभारापासून इतके दूर ठेवण्यात आले, की उपाध्यक्षपदाच्या ८२ व्या दिवशी रूझवेल्ट गेले तेव्हा अणुबॉम्बच्या प्रकल्पाची तपशीलवार माहिती त्यांना शपथविधीनंतर द्यावी लागली. माणूस योग्य निवडूनही त्याला तयार ठेवले नाही, तर निवडीचे निम्मे मोल वाया जाते.

म्हणून कार्टर-मॉन्डेल जोडीचे महत्त्व मला छाननीपेक्षा पुढच्या गोष्टीत दिसते. मॉन्डेल यांनी उपाध्यक्षाने काय काम करावे याचे टिपण निवडणुकीनंतर लगेच लिहून कार्टर यांना दिले, आणि कार्टर यांनी ते स्वीकारले. उपाध्यक्षाला व्हाइट हाउसच्या वेस्ट विंगमध्ये कार्यालय मिळाले, अध्यक्षांकडे जाणारी कागदपत्रे त्यालाही मिळू लागली आणि दर आठवड्याला दोघांचे एकत्र भोजन ठरले. कार्टर राजधानीला नवखे होते आणि मॉन्डेल तिथे मुरलेले. तेव्हापासून बाहेरून आलेल्या उमेदवाराने आतला माणूस बरोबर घ्यायचा, हा क्रम बराच काळ टिकला: रेगन यांनी थोरल्या बुशना, क्लिंटन यांनी अल गोर यांना, धाकट्या बुशनी चेनींना, ओबामांनी बायडेन यांना आणि ट्रम्प यांनी, प्रतिनिधिगृहात बारा वर्षे काढलेल्या माइक पेन्स यांना घेतले. क्लिंटन आणि गोर तर शेजारच्या राज्यांचे, जवळपास एकाच वयाचे आणि एकाच विचारांचे; समतोल साधण्याच्या सगळ्या जुन्या आडाख्यांविरुद्ध ती निवड होती, आणि ती उत्तम चालली, कारण गोर यांना करण्यासारखे काम होते.

पेन्स यांचे उदाहरण इथे थोडे थांबून पाहावे. २०१६ मध्ये त्यांना घेतले ते धार्मिक परंपरावादी मतदारांना आश्वस्त करण्यासाठी, आणि तो हेतू बऱ्याच अंशी साध्य झाला. परंतु ६ जानेवारी २०२१ रोजी, इलेक्टोरल मतांची मोजणी होत असलेल्या सभागृहात पीठासीन अधिकारी म्हणून ते उभे होते, अध्यक्षांचा दबाव होता, बाहेर जमाव होता, आणि राज्यांनी पाठवलेली मते नाकारण्याचा अधिकार आपल्याला नाही यावर ते ठाम राहिले. अशा दिवसासाठी त्यांची कोणतीही छाननी २०१६ मध्ये झाली नव्हती. पुढे २०२२ मध्ये कायदा करून उपाध्यक्षाची ती भूमिका केवळ औपचारिक आहे हे स्पष्ट करावे लागले. सिनेटमध्ये समसमान मते पडली तर निर्णायक मत देण्याचे कामही असेच विस्मृतीत गेलेले होते. हॅरिस यांनी ते ३३ वेळा दिले, जो आजवरचा उच्चांक आहे, आणि त्यातून मोठमोठे कायदे झाले.

आता मुक्तछंद यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. कसोटी कोणती असावी, असे त्यांनी विचारले आहे. माझ्या दृष्टीने ती एकच, की उद्या सकाळी या व्यक्तीला शपथ घ्यावी लागली तर काय होईल. २०२४ मध्ये हा प्रश्न डोळ्यांसमोर उभा होता. १३ जुलैला पेनसिल्व्हेनियातील बटलर येथे ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाला, आणि अवघ्या दोन दिवसांनी त्यांनी ओहायोचे सिनेटर जे. डी. व्हान्स यांचे नाव जाहीर केले. उमेदवार ७८ वर्षांचा आणि सहउमेदवार ३९ वर्षांचा, सिनेटमध्ये दीड वर्ष झालेला. ओहायो रिपब्लिकन पक्षाकडे आधीच झुकलेले होते, त्यामुळे राज्यासाठी ही निवड झाली नव्हती. ट्रम्प यांनी आपल्या विचारांचा वारस निवडला होता. ती निवड कोणाला पटो वा न पटो, तिच्यामागे पुढच्या काळाचा विचार होता हे मान्य केले पाहिजे.

डेमोक्रॅटिक बाजूला मात्र वॉल्झ की शापिरो हा वाद सुरुवातीपासून शेवटपर्यंत पेनसिल्व्हेनियाच्या १९ मतांपाशी आणि कोण लोकांना अधिक भावतो यापाशी घुटमळत राहिला. शापिरो यांना गव्हर्नर होऊन दीड वर्ष झाले होते, त्याआधी ते राज्याचे महाधिवक्ता होते. वॉल्झ बारा वर्षे प्रतिनिधिगृहात होते, तिथे माजी सैनिकांच्या प्रश्नांवर त्यांनी बरेच काम केले होते, आणि त्यानंतर साडेपाच वर्षे गव्हर्नर. अ‍ॅरिझोनाचे सिनेटर मार्क केली, नौदलाचे वैमानिक आणि अंतराळवीर, यांचेही नाव चर्चेत होते. युद्धाचा प्रश्न समोर आला, काँग्रेसशी, म्हणजे अमेरिकी संसदेशी, अर्थसंकल्पावर तिढा पडला, तर या तिघांपैकी कोण काय करील, यावर मला त्या दोन आठवड्यांत एकही सविस्तर लेख वाचायला मिळाला नाही. कोणाच्या वाचनात आला असेल तर त्यांनी इथे जरूर लिहावे.